आधी खर्च, मग युरो

वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मी सहज लिहून गेले की २०२३ च्या उन्हाळ्यात मुलाकडं इटलीत, मोडेनाला, तीन महिने राहून आले. तेवढ्यावरून पाच पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच: संकट आलं की युरोपातली सरकारं पैसा कुठून आणतात, आणि तो आपल्यासारखा वाटेत का जिरत नाही? मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा निपाणी-चिकोडीकडच्या नदीकाठच्या शाखांत. जे सांगते ते बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूनं दिसलेलं.

*मॅडम, माझा भाचा जर्मनीत कामाला आहे. तो म्हणतो, २०२१ च्या महापुरात तिथं गावंच्या गावं गेली आणि युरोपनं सगळ्यांची घरं बांधून दिली. आमचं घर २०१९ ला वेदगंगेत गेलं. तिसऱ्या टप्प्याचा हप्ता अजून अडकलाय. आपल्याकडं तसं का होत नाही?*
*— एक वाचक, जत्राट (ता. निपाणी)*

घरं बांधली हे खरं. युरोपनं बांधली हे भाच्यानं कुणाकडून तरी ऐकलेलं.

जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पाणी चढलं, जर्मनीत १८० वर माणसं गेली. त्यानंतर जर्मनीच्या केंद्रानं आणि राज्यांनी मिळून ३० अब्ज युरोंचा पुनर्बांधणी निधी काढला. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरा, म्हणजे तीन लाख कोटी रुपये. घरमालकाला नुकसानीच्या ८० टक्क्यांपर्यंत त्यातून मिळायचं. आणि युरोपीय संघाच्या एकता निधीतून जर्मनीला किती आले? ६१ कोटी २६ लाख युरो. शंभरातले दोन. तेही वर्ष उलटून गेल्यावर.

हा एकता निधी २००२ च्या मध्य युरोपातल्या महापुरानंतर सुरू झाला. त्यातून कुणाच्या खासगी घराला दमडी मिळत नाही. रस्ते, पूल, पाणीपुरवठा, तात्पुरता निवारा, गाळ काढणं, बचावकार्य, एवढंच. अर्ज देशानं करायचा, प्रदेशानं नाही, आणि नुकसान सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांत. आपत्ती एखाद्याच प्रदेशावर आली असेल तर नुकसान त्या प्रदेशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दीड टक्क्याहून जास्त भरलं पाहिजे. तेवढं भरलं नाही, तर गाव कितीही बुडालं असलं तरी फाईल बंद.

आणि वेळ बघा. मी तिकडं असतानाच, मे २०२३ मध्ये, शेजारच्या रोमान्या भागात नद्या फुटल्या. मुलाच्या कंपनीतली पोरं शनिवारी फावडी घेऊन फाएंझाला चिखल उपसायला गेली, सोमवारी बूट तसेच बरबटलेले घेऊन कामावर आली. त्या पुराची पहिली उचल (आपण उसाची म्हणतो तशीच) युरोपकडून मिळाली नोव्हेंबरात. ९ कोटी ४७ लाख युरो. एकूण रक्कम ठरली ३७ कोटी ८८ लाख, ती पुढच्या वर्षी. नुकसान त्याच्या वीसपटीहून जास्त.

मागणी आणि मिळकत यांच्यातला खड्डा तिथंही आहे, इथंही. २०१९ ला कर्नाटकानं सुमारे ३५,००० कोटींचं नुकसान सांगितलं, केंद्राकडून पहिल्या झटक्यात आले १,२०० कोटी. फरक खड्ड्याच्या खोलीत फारसा नाही. खड्डा भरेपर्यंत माणसाला कोण धरून ठेवतं, त्यात आहे. ते पुढच्या उत्तरात येतंय.

तुमच्या हप्त्याचं मात्र आधी हे बघा. माझ्या शाखेत २०१९ च्या पुरातला एक खातेदार होता. नवं घर त्यानं जुन्या जागेपासून पंधरा-वीस पावलं वर घेतलं, कारण पाणी कुठवर येतं ते त्याला माहीत. हप्त्यासाठी ज्या सरकारी ॲपवर बांधकामाचे फोटो चढवायचे, त्यावर मात्र जागेची खूण जुन्या पायाची. पायाचा फोटो गेला कसाबसा, लिंटलचा फोटो परत परत नाकारला जायचा, आणि कारण कुणी सांगेना. शेवटी पंचनाम्याची प्रत काढून जागा बदलल्याचं लेखी दिलं, तेव्हा गाडी हलली. तुम्हीही पाया सरकवलाय का?

*उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री आहे. कोविडमध्ये भट्टी विझवली ती परत पेटवताना नाकी नऊ आले. भूकंप झालेल्या गावात कारखाने परत कसे उभे केले हे तुम्ही पाहिलंय म्हणता. सविस्तर लिहा, घाई करू नका.*
*— एक उद्योजक, बेळगाव*

घाई नाही करत. मिरांडोला नावाचं गाव आहे, मोडेनाच्या उत्तरेला. मुलानं एका रविवारी गाडीनं नेलं. दोन्ही बाजूंनी सपाट रान, पेअरच्या बागा, मधूनमधून शेडच शेड. गाव छोटं, पण डायलिसिसच्या नळ्या, पिशव्या, फिल्टर अशी दवाखान्याची सामग्री तिथं बनते. आपल्याकडं कास्टिंग म्हटलं की उद्यमबाग, तसं तिथं हे.

२०१२ च्या मे महिन्यात त्या भागात दोन भूकंप झाले. पहिला २० तारखेला, रविवारी पहाटे चार वाजता. दुसरा २९ ला, मंगळवारी सकाळी नऊला. पहिल्यात गल्ल्यांतले बुरूज पडले, चीजच्या गोदामातल्या मांडण्या कोसळून लाखो चाकं जमिनीवर आली. माणसं घरी झोपली होती म्हणून कारखान्यांत कमी मेली. दुसरा आला तेव्हा लोक कामावर परत आले होते. काहीजण शेड सुरक्षित आहे का हे तपासायलाच आत शिरले होते.

शेड का पडली, हे मला एका कारखानदारानं हातानं दाखवलं. मुलाच्या सहकाऱ्याचा हा मामा, चाळीस कामगारांचा धनी, वय माझ्याएवढं. काँक्रीटचे तयार खांब आणि त्यांवर काँक्रीटची तुळई. पण तुळई खांबाला जोडलेलीच नसायची. ओट्यावर पाट ठेवावा तशी नुसती ठेवलेली. तो भाग भूकंपाचा म्हणून २००३ पर्यंत धरलाच नव्हता, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. आता प्रत्येक जोडावर बोटभर जाडीचा लोखंडी कोन आणि त्यात बोल्ट. तो शिडीवर चढला, एका बोल्टवर पाना टेकवून टक् वाजवलं आणि म्हणाला (मुलानं भाषांतर केलं), "हा एक कोन आधी असता तर कागद एवढे झाले नसते." कागद म्हणजे त्याची फाईल. आमच्या बँकेत मोठ्या कॅश क्रेडिट खात्याची असते त्याच्या तिप्पट जाड.

ती फाईल मी जेवण बाजूला ठेवून चाळली. इटालियन येत नाही, पण हप्त्याचा तक्ता सगळ्या भाषांत सारखाच दिसतो.

एकूण नुकसान सुमारे १३ अब्ज युरो. युरोपच्या एकता निधीतून त्याच वर्षाअखेरीस ६७ कोटी मंजूर झाले, म्हणजे शंभरातले पाच. ते गेले निवाऱ्यावर, ढिगारे उचलण्यावर, सप्टेंबरात शाळा भरायच्या म्हणून उभारलेल्या तात्पुरत्या इमारतींवर. कारखान्याला त्यातलं काही नाही. घरं आणि कारखाने यांच्यासाठी इटलीनं स्वतःच वेगळी वाट काढली, आणि बँकवाली म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. सरकारनं ६ अब्जांची सोय बँकांमार्फत केली. कर्ज तुमच्या नावावर. पण हप्त्याइतकी करसवलत तुम्हाला मिळणार, ती तुम्ही बँकेला द्यायची, बँक ती स्वतःच्या करात वळती करून घेणार. म्हणजे हप्ता सरकारच फेडतं. पैसा मालकाच्या हातात येतच नाही. इंजिनिअरनं टप्पा पूर्ण झाल्याचं लिहून दिलं, पालिकेनं किंवा प्रदेशानं मान्य केलं, की बँक थेट ठेकेदाराला देते.

आता आपलं आठवा. २०२० मध्ये तुम्हाला बँकेनं आधीच्या थकबाकीच्या वीस टक्के जादा कर्ज दिलं असेल, सरकारी हमीवर. ती हमी कुणाला होती? बँकेला. हप्ता तुमचाच. मी स्वतः अशा अर्जांवर सह्या केल्यात, निवृत्तीच्या शेवटच्या महिन्यांत. लोक मला दुवा देत होते आणि मला माहीत होतं की चार वर्षांत हेच लोक माझ्या जागी आलेल्या पोरासमोर बसणार आहेत.

युरोपचा खरा पैसा मिरांडोलात तिसऱ्या पायरीवर आला. एमिलिया-रोमान्या हा प्रदेश, म्हणजे आपल्याकडचं राज्य म्हणा, युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून संशोधन केंद्रांचं जाळं भूकंपाच्या आधीपासूनच विणत होता. टेक्नोपोलो म्हणतात त्यांना. भूकंपानंतर मिरांडोलातही असं केंद्र झालं, वैद्यकीय सामग्रीची चाचणी करणारं. चाचणीसाठी नमुने दूर पाठवायची गरज कमी झाली आणि बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना गाव सोडून जायचं एक कारणही कमी झालं. पुनर्बांधणीचा आयुक्त दिल्लीहून, चुकले, रोमहून आलेला साहेब नव्हता. प्रदेशाचा निवडून आलेला अध्यक्ष वास्को एर्रानी हाच आयुक्त, आणि हाताखाली गावोगावचे महापौर. योजना आधीची होती, माणसं आधीची होती, युरोपचा निधी कसा मागायचा हे कारकुनांना पाठ होतं. संकटानंतर शिकायला बसले असते तर २०१२ चा पैसा २०२० ला आला असता.

सगळं गोड नाही. मी गेले तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि गावातल्या एका जुन्या चर्चला अजून परांची बांधलेली होती. लहान पालिकांत इंजिनिअर एकच, फाईल दोनशे. मामांनी कपाळावर हात मारून दाखवलं, त्याला भाषांतर लागलं नाही. त्यांचा कारखाना पहिले काही महिने तंबूत चालला. ती मशिनं तंबूत हलवायचा खर्च कुणी दिला, असं मी विचारलं. बायकोच्या भावानं, म्हणाले.

*एम.ए. अर्थशास्त्र करतो आहे. युरोपचा 'कोहिजन' निधी आणि कोविडनंतरचा निधी यांत नेमका फरक काय? परीक्षेत येतंय.*
*— एक विद्यार्थी, टिळकवाडी*

थोडक्यात लिहिते, बाकी पुस्तकात आहे.

पहिला, म्हणजे कोहिजन, जुना. त्यातला प्रादेशिक विकास निधी १९७५ पासून आहे. सात-सात वर्षांचा आराखडा असतो. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. १०० टक्क्यांच्या वरच्याला साधारण ४०. उरलेला वाटा आपला घालायचा. आणि हे तुझ्या पुस्तकात ठळक नसेल: काही अग्रिम सोडला तर हा पैसा परतफेडीचा आहे. आधी काम करा, बिल भरा, तपासनिसाची सही घ्या, मग ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, देणार. ज्या प्रदेशाच्या खिशात आधी घालायला काही नाही त्याची तिथंच अडचण. ठरल्या मुदतीत खर्च दाखवला नाही तर रक्कम परत जाते. म्हणून २०२० च्या वसंतात, कोविड सुरू झाल्यावर, युरोपनं काही काळ आपला वाटा घालायची अट काढली आणि शंभर टक्के द्यायला परवानगी दिली. शिल्लक पैसा व्हेंटिलेटर, मास्क, छोट्या धंद्यांचं खेळतं भांडवल यांकडं वळवता आला.

दुसरा नवा. जुलै २०२० मध्ये ठरलेला ७५० अब्ज युरोंचा (२०१८ च्या किमतींत) 'नेक्स्ट जनरेशन'. युरोपीय संघानं त्यासाठी स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज काढलं, एवढ्या प्रमाणावर पहिल्यांदाच. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा देशांच्या राष्ट्रीय योजनांना. इथं बिलं नाही, टप्पे बघतात: अमुक कायदा केला का, इतक्या बालवाड्या बांधल्या का. ३१ ऑगस्ट २०२६ ही कामं पुरी करायची तारीख. इटलीला आधी ठरले १९१.५ अब्ज, त्यातले १२२.६ कर्जाऊ. प्रादेशिक सरकारांची तक्रार हीच की योजना राजधानीत लिहिली गेली, आणि बालवाडी बांधायला मात्र आम्ही.

परीक्षेत शेवटचं वाक्य लिहू नकोस. लिहिलंस तर 'स्थानिक स्वायत्ततेचा प्रश्न' असं लिही, गुण मिळतील.

*युरोपात म्हणे दोन देशांच्या सीमेवरच्या भागाला वेगळा निधी असतो. आपल्या सीमाभागाला असं काही का नाही? इथं ना हे राज्य बघतं ना ते.*
*— एक वाचक, खानापूर*

असतो. इंटररेग म्हणतात, १९९० पासून आहे. अट अशी की प्रकल्प सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून मांडायचा. एकट्यानं मागितला तर मिळत नाही.

त्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं उदाहरण देते. स्पेन आणि फ्रान्स यांच्या मध्ये पिरेनीज डोंगरात सर्दान्या नावाचं खोरं आहे. सीमा खोऱ्याच्या मधोमध, दोन्हीकडं मिळून लोकवस्ती सुमारे ३०,०००, कातालान भाषा दोन्हीकडची. फ्रान्सकडच्या बाईला बाळंतपणाला डोंगर उतरून पेर्पिन्याँ शहराला जावं लागायचं, हिवाळ्यात बर्फातून. शेवटी कातालोनियाचं प्रादेशिक सरकार आणि फ्रान्स यांनी मिळून स्पेनच्या हद्दीत, पुच्सेर्दा गावात, एकच दवाखाना बांधला. २०१४ ला उघडला. बांधकामाचा खर्च ३ कोटी १० लाख युरो, त्यातले साठ टक्के युरोपीय निधीचे. चालवण्याचा खर्च कातालोनिया साठ, फ्रान्स चाळीस. डॉक्टर-नर्स दोन्ही बाजूंचे. कटकटी निघाल्याच: तिथं जन्मलेल्या फ्रेंच बाळाची नोंद कुठं, तिथं वारलेल्याचा मृतदेह सीमेपलीकडं न्यायला कागद कुठले. एकेक कटकट दोन्हीकडच्या बाबूंनी बसून सोडवली.

आता आपलं. चंदगडचा माणूस दुखणं घेऊन बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो. सीमा त्याला कधी आठवली? २०२१ ला कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागायला लागले तेव्हा. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. माझं मत विचाराल तर, निकाल काय लागायचा तो लागो, तोवर बाळंतपणं थांबत नाहीत.

आणि दोन राज्यांनी मिळून काही केलंच नाही असंही नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ ला मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बेळगाव त्यात आहे. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एकाच कागदावर. चपलेला जमलं. दवाखान्याला का जमू नये, हे मी खानापूरच्या वाचकांना नाही, दोन्हीकडच्या आमदारांना विचारते आहे.

*अक्का, मी वडगावची. घरी दोन यंत्रमाग. लॉकडाऊनमध्ये साड्या पडून, सावकाराचं व्याज चालू. तिकडच्या विणकरांना सरकारनं काय दिलं?*
*— एक भगिनी, वडगाव*

पगारी कामगाराचं बरं झालं. युरोपीय संघानं १०० अब्ज युरोंपर्यंत स्वस्त कर्ज देशांना देऊ केलं, त्यातून बंद कारखान्यांतल्या लोकांचा अर्धामुर्धा पगार चालू राहिला. इटलीत तो नियमानं ८० टक्के, वर कमाल मर्यादा. तुमच्यासारख्या स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर असलेल्यांना इटलीच्या सरकारनं मार्च २०२० साठी ६०० युरो दिले. १ एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि सगळे एकदम तुटून पडल्यानं त्याच दिवशी वेबसाइट कोलमडली. तेवढं आपल्यासारखंच. आपल्याकडं २०२० च्या मे महिन्यात विणकरांना एकदाच २,००० रुपये जाहीर झाले होते.

पण ६०० असोत की २,०००, पैसा पोचला तो यादीत नाव असलेल्याला. तिकडंही घरात बसून दुसऱ्याचं शिवणाऱ्या, विणणाऱ्या कितीतरी बायका कुठल्याच नोंदीत नव्हत्या आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. म्हणून तुम्हाला उलट विचारते: दोन मागांची नोंद कुणाच्या नावावर आहे, तुमच्या की सासऱ्यांच्या? विजेचं बिल कुणाच्या नावानं येतं? सावकाराला व्याज देता त्याची चिठ्ठी आहे का? एवढं कळवा. असतील त्या कागदांच्या झेरॉक्स जोडा, मूळ पाठवू नका.